क्रॉसबोसाठी लेझर रेंजफाइंडर कोणता घ्यावा, आणि या रिव्ह्यूंचं काय करायचं?

लँकेस्टरचा_सातारकर

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात येऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एकाच्या नादाने हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि त्याच्या मामाच्या मक्याच्या शेताला लागून रान आहे तिथे ऑक्टोबरभर दर शनिवारी मचाणावर बसलो. एच-वनबीवर आहे, व्हिसावाल्यांना बंदुकीची जी बंदी आहे तिच्यातून हंटिंग लायसन्स असलं की सूट मिळते म्हणतात, पण व्हिसाच्या बाबतीत मला कुठलंच 'म्हणतात' नको म्हणून क्रॉसबो घेतली, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य.

तर झालं असं, तिसऱ्या शनिवारी सूर्य बुडता बुडता हरणाची एक मादी समोर आली, मला वाटली तीस यार्ड, स्कोपमधला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतला, तीस यार्डासाठीचा ठिपका लावला आणि सोडला बाण, तो तिच्या पोटाखालून गेला आणि ती शेपटीचा पांढरा झेंडा वर करून पळाली. खाली उतरून पावलं मोजली तर एकेचाळीस. तिला लागलं नाही हे नशीबच म्हणायचं, अर्धवट लागून गेली असती तर रात्री झोप आली नसती.

म्हणून या वर्षी रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजायचं यंत्र, घ्यायचाच आहे. बजेट २०० डॉलर, त्याच्यावर गेलो तर घरी उत्तर द्यावं लागेल. तीन पर्याय समोर आहेत. एक ऑनलाइन मिळतो ९० डॉलरला, '१००० यार्ड' म्हणतोय, ४.६ स्टार आणि रिव्ह्यू आठ हजारांवर. दुसरा एका नावाजलेल्या कंपनीचा १८० चा, त्याला ४.२ च स्टार आहेत आणि लोक बॅटरीच्या नावाने बोंबलतायत. आणि तिसरा फुकटातला, साडूभाऊंकडे गोल्फचा पडून आहे, ते म्हणतात घेऊन जा, अंतर ते अंतरच.

आठवडाभर रात्री जागून रिव्ह्यू वाचतोय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. 'बेस्ट १० रेंजफाइंडर' वाली पानं उघडली तर प्रत्येकाचा पहिला नंबर वेगळा आणि प्रत्येकाखाली खरेदीची लिंक. तुमच्यापैकी कोणी खरंच रानात वापरलाय का? आणि रिव्ह्यू वाचताना तुम्ही नक्की काय बघता?

टेक्सासचे_तात्या

सातारकर, आधी हे सांगा की तुम्हाला यंत्र लागतंय का नुसतं घ्यायचंय, कारण दोन्हीत फरक आहे आणि दुसऱ्यात मी स्वतः पीएचडी केलीय.

आमच्याकडे फीडर, म्हणजे हरणांसाठी चारा टाकणारा डबा, लावायला परवानगी आहे, माझा फीडर मचाणापासून १०० यार्डावर आहे, हरीण तिथेच येतं, त्यामुळे माझा ३०० डॉलरचा रेंजफाइंडर गेली चार वर्षं रोज सकाळी मला १०० हाच आकडा दाखवतोय. शिवाय माझ्याकडे ३०८ ची रायफल, २०० यार्डाला झिरो केलेली (तिथे नेम धरला तिथेच गोळी लागते), म्हणजे ५० पासून २०० पर्यंत गोळी दोन इंचांच्या आसपासच वरखाली होते, तेवढ्यात अंतर मोजायची गरजच पडत नाही. तुमच्या पेनसिल्व्हेनियात चारा टाकून बसता येत नाही आणि तुम्ही बाणवाले, त्यामुळे तुम्हाला लागेल हे मान्य.

तरी फुकटचा उपाय सांगतो. सीझनच्या आधी एक दिवस दुपारी जा, मचाणाच्या झाडापासून टेप धरून २०, ३० आणि ४० यार्डावर झाडांना सर्व्हेवाल्यांची रंगीत फीत बांधा. हरीण फितीच्या अलीकडे की पलीकडे एवढंच बघायचं. यंत्र डोळ्याला लावायला जी हालचाल होते त्यानेच निम्मी हरणं पळतात हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहीत नाहीत.

कोलोराडोकर

तात्यांची फीत चांगलीच, मीही लावतो. पण हरीण दर वेळी फितीजवळून जाईल असं नाही, म्हणून यंत्र हवंच. मी इकडे डोंगरात एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागे फिरतो, आत्तापर्यंत तीन यंत्रं वापरली, त्यातलं एक नदीत गेलं.

सगळ्यात आधी तो '१००० यार्ड' विसरा. ते नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. यंत्र करतं काय, तर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणाचा, बहुतेकांत ९०५ नॅनोमीटरचा, ठोका सोडतं आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. ४० यार्डाला जाऊन यायला २५० नॅनोसेकंदही लागत नाहीत. आता तो परत किती येणार हे समोर काय आहे त्याच्यावर. खोक्यावरचा मोठा आकडा असतो रस्त्यावरच्या चकचकीत पाटीसारख्या वस्तूचा, झाडाचा त्याहून कमी आणि हरणाचा सगळ्यात कमी. व्होर्टेक्सच्या रेंजर १८०० चंच बघा, नावात १८०० आहे पण कंपनी स्वतःच हरणासाठी ९०० सांगते, आणि हे सांगणाऱ्या कंपन्या त्यातल्या त्यात बऱ्या म्हणायच्या. ज्या खोक्यावर हरणाचा आकडाच नाही ते खोकं खाली ठेवा. अर्थात तुम्हाला ४० यार्डाच्या पुढे मारायचंच नाही, त्यामुळे १००० काय आणि १८०० काय, तुमच्यासाठी दोन्ही सारखेच. तुमचे पैसे दुसरीकडे लागायला हवेत.

दुसरं, कोनाचं गणित. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय, बुशनेलचं एआरसी, लूपोल्डचं टीबीआर, व्होर्टेक्सचं एचसीडी. मुद्दा एकच, वर मारा नाहीतर खाली मारा, बाण किंवा गोळी पडते ती आडव्या अंतराच्या हिशेबाने. मला इथे ३० अंशाच्या उतारावर ४०० यार्ड दिसतं ते मारताना साधारण ३४६ धरावं लागतं, तिथे हे फीचर नसेल तर गेलंच. पण तुमचं मचाण किती वर? वीस फूट? हरीण बुंध्यापासून २० यार्डावर असेल तर थेट अंतर २१ येतं. एक यार्ड! त्या एका यार्डासाठी वेबसाइटवाले तीन-तीन परिच्छेद लिहितात. असलं तर चांगलं, पण त्यासाठी ६० डॉलर जास्त मोजू नका.

तिसरं, आणि माझ्या मते हेच खरं, आतला आकडा कसा दिसतो. स्वस्तातल्यांमध्ये काळा एलसीडी असतो. दुकानात, ट्यूबलाइटखाली झकास दिसतो. पण हरीण येतं कधी, तर दिवेलागणीला. तुमच्याकडे सूर्यास्तानंतर अर्धा तास कायदेशीर असतं, त्या अर्ध्या तासात काळ्या झाडाच्या बुंध्यावर काळा आकडा शोधत बसाल आणि हरीण पाणी पिऊन निघून जाईल. लाल डिस्प्लेवाला घ्या, पण त्याचा उजेड कमी-जास्त करता यायला हवा, नाहीतर अंधारात तोच डोळ्यांत भसकन येतो आणि मग पुढचे दहा सेकंद हरीणही दिसत नाही आणि बाणही.

रिव्ह्यू वाचताना मी फक्त एक शब्द शोधतो, संध्याकाळ. ज्या माणसाने त्याच्याबद्दल लिहिलंय त्याने वापरलाय. ज्याने 'पॅकिंग सुंदर, दोन दिवसांत मिळाला' लिहिलंय त्याने अंगणात उभं राहून शेजाऱ्याचं गॅरेज मोजलंय.

पार्सिपनीचा_पटर

साडूभाऊंचा गोल्फवाला अजिबात घेऊ नका!! मी घेतला होता, स्वतःचाच, आणि असा तोंडावर पडलो की बस.

मी मुळात गोल्फवाला, शिकारीत नवखा. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यात मित्राबरोबर गेलो, ओढ्याच्या काठाला बसलो होतो आणि हरीण समोरच्या चढावर उभं. गोल्फचं यंत्र लावलं, ४६ आलं. मी ४५ चा ठिपका लावून बाण सोडला तर तो हरणाच्या पाठीवरून हातभर वरून गेला. नंतर मित्राच्या यंत्राने त्याच जागेवरून, हरीण उभं होतं तिथल्या झाडाला मारलं तर थेट अंतर ३६ आणि मारायचं अंतर ३४!

रात्री केबिनमध्ये डोक्यात प्रकाश पडला. गोल्फमध्ये 'स्लोप' चालू असला की चढावरचा झेंडा यंत्र लांब दाखवतं, कारण चेंडू वर टाकायला मोठा क्लब, म्हणजे लांब मारणारी काठी, लागतो. शिकारीत उलटं, चढ असो की उतार, अंतर कमीच धरायचं. म्हणजे ते यंत्र बरोबरच होतं, त्याला वाटत होतं मी सेव्हन आयर्न काढतोय 😄 बरं स्लोपचं बटण बंद करता येतं, स्पर्धेत ते बंदच ठेवावं लागतं, पण त्या क्षणी हातापायांना कंप सुटलेला असताना कोणाला आठवतंय.

अजून एक. गोल्फच्या यंत्राला शिकवलेलं असतं की जे सगळ्यात जवळचं दिसेल ते धर, कारण झेंडा पुढे आणि झाडं मागे. रानात तुमच्या आणि हरणाच्या मध्ये गवत, फांद्या, काटेरी झुडपं, ते यंत्र त्यांनाच धरून बसतं. शिकारीच्या यंत्रात मागची वस्तू धरायचा मोड असतो, बुशनेलवाले त्याला ब्रश मोड म्हणतात, बाकीचे काहीतरी वेगळं म्हणतात. तो आहे का बघूनच घ्या. साडूभाऊंना सांगा अंतर ते अंतरच नसतं.

कोथरूडकर_७७

वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ साली कायदा करून शिकार बंद केली आणि आपली शिकलेली मुलं तिकडे जाऊन मुक्या जनावरांवर बाण सोडतायत, वर त्यासाठी दोनशे डॉलरचं यंत्र. चालू द्या.

लँकेस्टरचा_सातारकर

कोथरूडकर, तुमचं मत तुमच्यापाशी, मला राग नाही. भारतात असतो तर मीही बंदीच्याच बाजूने असतो. इथे सरकारच दर वर्षी मादी मारायची किती लायसन्स द्यायची ते ठरवतं, आणि हरणं इतकी आहेत की आमच्या बायकोची मेथी आणि टोमॅटो त्यांनी दोन्ही वर्षं खाल्ले. मी मारलं तर खाण्यासाठीच. आणि यंत्र घेतोय ते नेम नीट लागावा, जनावर तडफडू नये म्हणूनच. बास, यावर वेगळा धागा काढू.

कोलोराडोकर, फार उपयोग झाला. पटर, साडूंना फोन केला, ते म्हणाले "मला काय माहीत, मी कधी चढावर मारलाच नाही."

एडिसनची_वहिनी

रिव्ह्यूंचा विषय निघालाय म्हणून लिहिते, नाहीतर मला शिकारीतलं ओ का ठो कळत नाही.

२०२० मध्ये घरात बसून होतो तेव्हा मला मैत्रिणीने एका ग्रुपमध्ये टाकलं. तिथे रोज फोटो यायचे, किचनचा वजनकाटा, टेबललॅम्प, कुत्र्याचा पट्टा, काय वाटेल ते. आपल्याला हवं ते स्वतःच्या पैशाने मागवायचं, पाच स्टार द्यायचे, फोटो टाकायचा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवला की आठवड्यात सगळे पैसे परत. फुकटात घर भरत होतं, मी कशाला नाही म्हणते. आपण पैसे देऊन घेतलेलं असल्यामुळे रिव्ह्यूवर 'व्हेरिफाइड परचेस' चा शिक्का बसायचा, ही त्यातली खरी मेख आहे. तो शिक्का बघून तुम्ही विश्वास ठेवता ना, तो माझ्यासारख्यांनाही मिळायचा.

आणि हो, त्यात एकदा शिकारीचा रेंजफाइंडरही आला होता! मी बाल्कनीतून समोरच्यांच्या चिमणीला लावला, ४२ असा काहीतरी आकडा आला, आता ते ४२ बरोबर की चूक मला काय कळणार, मी लिहिलं 'सुपर ॲक्युरेट, माय हजबंड लव्ह्ज इट.' आमचे हे मुंगीसुद्धा मारत नाहीत. त्या रिव्ह्यूला तीनशे लोकांनी हेल्पफुल म्हटलं. सातारकर, तुमच्या त्या आठ हजारांत कदाचित मीही असेन, माफ करा.

पुढे लाज वाटली आणि सोडलं. आता तर एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या इथल्या सरकारी खात्याचा, नियमच आलाय, २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू, असे रिव्ह्यू विकणं, विकत घेणं सगळं बेकायदा. पण नियम आला म्हणून जुने आठ हजार पुसले जात नाहीत.

बघायचं काय ते सांगते, आतली बाई म्हणून. एक तर तारखा बघा, एकाच आठवड्यात शंभर आले असले की समजा ग्रुपमध्ये फोटो पडला होता. दुसरं, खाली जाऊन अगदी जुने रिव्ह्यू वाचा. कधी कधी रेंजफाइंडरच्या पानावर २०१९ मध्ये कोणीतरी 'फोनचं कव्हर छान बसलं' लिहिलेलं सापडतं. म्हणजे विक्रेत्याने जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून आत वस्तू बदलली आणि स्टार वारसाहक्काने मिळवले. २०२३ मध्ये एका व्हिटॅमिनवाल्या कंपनीला असल्याच प्रकाराबद्दल एफटीसीने ६ लाख डॉलर भरायला लावले होते. तिसरं, पाच आणि एक दोन्ही सोडा, तीन स्टारवाले वाचा. तीन स्टार द्यायला कोणीही पैसे देत नाही.

टेक्सासचे_तात्या

वहिनी, तुमच्यामुळे माझ्या घरात तीन टेबललॅम्प आहेत आणि तिन्ही लुकलुकतात.

मोजणीवाला_नाशिक

मी इकडे नाशिकला जमीन मोजणीचं काम करतो, शिकारीशी संबंध नाही, पण लेझर आणि अंतर हे आमचं रोजचंच, म्हणून दोन शब्द.

कोलोराडोकरांनी पाटी आणि हरणाचं सांगितलं ते आमच्या टोटल स्टेशनला, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्रालाही तंतोतंत लागू आहे. समोर प्रिझम (किरण सरळ परत फिरवणारी काच) लावलं की किलोमीटर-दोन किलोमीटर आरामात येतं, प्रिझम काढून नुसत्या भिंतीवर मारलं की काही शे मीटरांत यंत्राला दम लागतो, आणि पावसाळ्यात काळी पडलेली ओली भिंत असेल तर त्याहून आधी. फरक इतकाच की आमच्या यंत्राच्या पुस्तकात ते स्वच्छ लिहिलेलं असतं, ९० टक्के परावर्तन करणाऱ्या पांढऱ्या कार्डावर इतकं, १८ टक्केवाल्या करड्यावर इतकं. तुमच्या खोक्यावर फक्त पांढऱ्या कार्डाचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात.

रिव्ह्यू वाचण्यात आठवडा घालवण्यापेक्षा जे परत करता येतं असं एक यंत्र मागवा आणि स्वतः तपासा. आम्ही कुठलंही नवं यंत्र साइटवर नेण्याआधी माहीत असलेल्या अंतरावर लावून बघतो, त्यात अर्धा तास जातो. तुमच्याकडे शाळेत अमेरिकन फुटबॉलचं मैदान असेलच, त्याच्या दोन टोकांचे गोलपोस्ट एकमेकांपासून १२० यार्डावर असतात, फुकटची बेसलाइन. रविवारी सकाळी जा, आणि कृपा करून शिकारीचे कपडे घालून शाळेत जाऊ नका.

पहिलं, एका पोस्टखाली उभं राहून दुसऱ्याला दहा वेळा मारा आणि दहाही आकडे लिहून ठेवा. एकदा बरोबर येणं याला काही अर्थ नाही. दुसरं, मागे मोकळं आकाश असेल असा एक बारीक खांब धरा आणि यंत्र डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवा, आकडा कधी येतो आणि कधी जातो ते बघा. चौकटीच्या मध्यावर खांब असताना आकडा यायला हवा. कडेला असताना येत असेल तर आत दिसणारी चौकट आणि किरण एका रेषेत नाहीत, ते यंत्र लगेच परत करा, स्वस्तातल्यांमध्ये हा दोष फार आणि हा तुम्हाला रिव्ह्यूत सहसा सापडणार नाही कारण शेजाऱ्याच्या गॅरेजवर तो दिसतच नाही. तिसरं, संध्याकाळी अंधार पडताना काहीतरी तपकिरी, खरखरीत, न चमकणारं टांगून बघा.

आणि खिडकीच्या काचेतून तपासू नका, धुक्यात तर नाहीच नाही, धुक्यात ते धुकंच मोजतं.

लँकेस्टरचा_सातारकर

मंडळी, अपडेट. १८० वाला नावाजलेल्या कंपनीचा मागवला. लाल डिस्प्ले, पाच पायऱ्यांत उजेड कमी-जास्त होतो, खोक्यावर हरणाचा आकडा वेगळा दिलाय, मागची वस्तू धरायचा मोड आहे, ३० दिवसांत परत घेतात. बॅटरीच्या तक्रारी तीन स्टारवाल्यांत शोधल्या तर निम्मे लोक म्हणतायत की बॅटरीचं झाकण नीट फिरवून बसवलं नाही तर बंद पडतं. जादा सीआर२ बॅटरी खिशात ठेवणार.

तिसरी परीक्षा आधी केली. आईने गेल्या खेपेला सोलापूरची घोंगडी दिली होती, इथल्या हीटिंगमध्ये तिला कोण अंगावर घेतंय, ती परसातल्या दोरीवर वाळत घातली आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी कुंपणापासून मारून बघितलं. आकडा आला, दहापैकी नऊ वेळा तोच. दहाव्यांदा मध्ये मांजर आलं. बायको स्वयंपाकघरातून बघत होती, तिने विचारलं की ही घोंगडी आता कुठल्या जातीचं हरीण आहे.

खांबाची परीक्षाही पास. पण गोलपोस्टला घोळ झाला. काल सकाळी शाळेच्या मैदानावर गेलो, एका टोकाला पोस्टला पाठ लावून उभा राहिलो, समोरच्या पिवळ्या पोस्टला दहा वेळा मारलं आणि दहाही वेळा ११०. अहो १२० हवं ना? दहा यार्ड अलीकडच्या गोल लाइनला नाही, पोस्टलाच मारलं, दोनदा खात्री केली. दहा यार्डांची चूक! म्हणजे मी डोळ्यांनी केली होती जवळजवळ तेवढीच, १८० डॉलर देऊन. डोकं सटकलं, तिथेच पायऱ्यांवर बसून एक स्टारचा रिव्ह्यू लिहिला आणि पाठवून दिला, 'ठामपणे चुकीचा आकडा दाखवतो, शिकारीला धोकादायक, पैसे वाया.' आता परत करून ९० वाला मागवू का?

मोजणीवाला_नाशिक

१२० गुणिले ०.९१४४ करा.

लँकेस्टरचा_सातारकर

१०९.७. म्हणजे?

मोजणीवाला_नाशिक

म्हणजे तुमचं यंत्र एकदम बरोबर आहे आणि मीटरवर आहे. आकड्याच्या शेजारी बारीक 'एम' दिसतोय का बघा. मोडचं बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेकांत 'वाय' येतो.

दहाही वेळा तोच आकडा आला तेव्हाच शंका यायला हवी होती. बिघडलेलं यंत्र आकडे इकडेतिकडे फेकतं, इतक्या इमानदारीने चुकत नाही.

कोलोराडोकर

हाहा. सातारकर, वाईट वाटून घेऊ नका, त्या १८० वाल्याच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूंत मी आत्ता जाऊन शोधलं, 'शंभर यार्डाला ९१ दाखवतो' असं लिहिणारे चार जण सापडले. ४.२ कुठून आले ते कळलं आता.

पण गंमत बाजूला ठेवा, हे रानात जाण्याआधी सापडलं हे फार बरं झालं. क्रॉसबोचे ठिपके यार्डात आहेत आणि यंत्र मीटरमध्ये, म्हणजे ४० यार्डावरचं हरीण ३७ दिसलं असतं आणि तुम्ही पुन्हा पोटाखालून मारलं असतं. आणि आता यार्डावर आणल्यावर बॅटरी बदलाल तेव्हा पुन्हा तपासा, माझ्या एका जुन्या यंत्रात बॅटरी काढली की सेटिंग परत मीटरवर जायचं.

बाकी हातात धरायच्या यंत्राचं ठीक, पण उद्या स्कोपमध्येच बसवलेला घ्यायचा विचार आला तर आधी लायसन्सबरोबर मिळणारी नियमांची पुस्तिका वाचा, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे.

लँकेस्टरचा_सातारकर

होता. बारीक 'एम' होता. चष्मा लावून बघितल्यावर दिसला.

यार्डावर आणला, संध्याकाळी परत मैदानावर गेलो, १२०, दहापैकी दहा. मग मचाणाच्या रानात जाऊन तात्यांच्या सांगण्याप्रमाणे फितीही बांधून आलो, २०, ३०, ४०, यंत्र आणि टेप दोन्ही लावून, अर्ध्या यार्डाच्या आत जुळतंय.

मग तो रिव्ह्यू डिलीट करायला गेलो. सतरा जणांनी हेल्पफुल दाबलं होतं, आणि खाली एकाने लिहिलं होतं, 'थँक्स, तुमच्यामुळे वाचलो, आता ९० वाला घेतोय.'

एडिसनची_वहिनी

त्यांना माझा नमस्कार सांगा.